दारास डकवली

बायकोला हे सांगितलेलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत, पण हे तिला माहीत नाही. मुलाला नाही. ज्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी पारावर बसतो त्या मित्रांना तर नाहीच नाही. तुमची माझी ओळख नाही — म्हणून तुमच्यापाशी जीभ सुटेल असं वाटतंय. सुटेल ना? बघू या.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही. तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. दर वेळी दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत मीच त्यात बरा दिसायला लागायचो. काय म्हणावं याला? आयुष्यभर दुसऱ्यांच्या सभांचं इतिवृत्त लिहिलं, पण स्वतःचं एक पान सरळ लिहिता येईना.

तर — मी ग्रामसेवक होतो. ऐंशीच्या दशकात माझी बदली लांज्याच्या आतल्या अंगाच्या एका गावात झाली. गावाचं नाव नाही सांगत. ग्रामसेवक म्हणजे पंचायतीचा लिहिणारा माणूस. सभेची नोटीस काढायची, ती प्रत्येक सभासदाला पोचवायची, सूचना वहीत त्याची सही घ्यायची, सभेत कोण काय बोललं ते लिहायचं, ठराव लिहायचे. माझं अक्षर सुरेख. तालुक्याचे साहेब माझी वही इतर ग्रामसेवकांना दाखवायचे — ‘हे बघा, असं लिहावं.’ मला त्याची भारी मिजास होती.

गाव डोंगरउतारावर. वर देऊळ, पंचायतीची खोली, सरपंच अण्णांचं घर. खाली पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडला की बौद्धवाडी, अठरा घरांची. कागदावर बौद्धवाडी, पण वरच्या आळीत तिला अजून जुन्याच नावाने बोलवत. मी ते नाव तोंडातून कधी काढलं नाही. बघा — एवढं सांगतानासुद्धा छाती जरा फुगलीच माझी! अजून खोड जात नाही.

त्या वाडीची एक राखीव जागा पंचायतीत होती. माझ्या आधीपासून तिथे एक म्हातारे आजोबा निवडून यायचे. यायचे म्हणजे काय, दाराच्या चौकटीपाशी उभे राहायचे. सभा संपली की अंगठा उठवायचे आणि पऱ्या उतरून जायचे. आत या असं त्यांना कोणी म्हणालं नाही. मी म्हणालो का? नाही. मी शाईचा पॅड तेवढा दारापर्यंत नेऊन द्यायचो आणि आपण फार मोठा आदर दाखवला असं समजायचो.

मग निवडणूक झाली आणि त्या जागेवर भिकाजी तांबे आले. मुंबईला गोदीत वीस वर्षं काढलेला माणूस. तिथे पाठीवर ओझं पडलं, कणा दुखावला, म्हणून गावी परतलेले. मुलगा मुंबईतच नोकरीला होता. हे इथे सुनेबरोबर आणि दोन नातवंडांबरोबर. सकाळच्या एसटीने लांज्याला एका लाकडाच्या वखारीत राखणीला जायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. पहिल्या सभेला रजा काढून आले. भिंतीला एक लोखंडी खुर्ची मिटवून ठेवलेली होती, ती ओढली, उघडली आणि बसले. बाकीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही खुर्ची मीच दिली.

‘भाऊसाहेब,’ ते मला म्हणाले, ‘मागल्या सभेचं वाचून दावा जरा.’

इतक्या वर्षांत मागच्या सभेचं वाचायला कोणी सांगितलं नव्हतं. मी वाचलं. दोन ठिकाणी अडखळलो, कारण ते ठराव सभेत झालेच नव्हते, अण्णांच्या पडवीत झाले होते. तांब्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढच्या एका ठरावाला म्हणाले, ‘माजा इरोध नोंदवा.’ आवाज न चढवता, चहा मागावा तसं. आणि कायदा असा की सभासद विरोध नोंदवा म्हणाला की नोंदवावाच लागतो, आणि ती नोंद वर तालुक्याला जाते. अण्णांनी त्यांची तपकिरीची डबी दोनदा उघडून दोनदा बंद केलेली मला आठवतेय.

आता नळाचं सांगतो, कारण सगळं त्यापायीच घडलं.

आमच्याकडे पाऊस मुबलक, पण शिमगा सरला की पाण्याचे हाल. वरच्या आळीला विहीर होती. बौद्धवाडीला पऱ्या. पऱ्या आटला की त्याच्या वाळूत खड्डा खणायचा आणि झिरपेल तेवढं पाणी करवंटीने हंड्यात भरायचं. एक हंडा भरायला तास-दीड तास. तांब्यांची सून शेवंती — असेल तेवीस-चोवीस वर्षांची — पहाटे तिथे जाऊन बसायची. त्या साली गावाला नळयोजना मंजूर झाली. सार्वजनिक नळ दोन. एक वर देवळापाशी आणि दुसरा कुठे, ते पंचायतीने ठरवायचं. तांब्यांचं म्हणणं, दुसरा बौद्धवाडीत. अण्णांचं म्हणणं, तूर्त त्यांच्या कलमांच्या बागेच्या कडेला, वाडीला पुढच्या टप्प्यात देऊ. पुढचा टप्पा म्हणजे काय ते तुम्हालाही कळतं आणि मलाही कळत होतं.

आणि मी मनाने तांब्यांच्या बाजूला होतो हो! खोटं नाही सांगत. त्यांच्या घरी जायचो. नळाचा अर्ज मीच त्यांना लिहून दिला होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेवंतीने चहाचा पेला माझ्यापुढे लांब जमिनीवर ठेवला. मी म्हटलं, ‘हातात दे गं.’ तिने सासऱ्यांकडे बघितलं, मग दिला. तांबे केवढे खूश! वाडीभर सांगत सुटले, ‘आपले भाऊसाहेब निराळे हायत.’ मला ते ऐकून काय गुदगुल्या झाल्या म्हणता! त्या एका चहावर मी किती दिवस स्वतःला थोर समजून घेतलं.

मेच्या अखेरीला अण्णांनी मला जेवायला बोलावलं. इथे मला जरा थांबावं लागतंय. थांबतो.

मी कुणबी. माझे आजोबा खोताचं कूळ. वर्षाचं भात घालायला जायचे तेव्हा खोताच्या अंगणात उकिडवे बसायचे, पडवीची पायरी चढायची नाही. बाबा हे सांगताना दर वेळी तसं उकिडवं बसून दाखवायचे. अण्णा जुन्या खोताच्या घराण्यातले. गाव वेगळं, पण खोत तो खोत. आणि त्या दिवशी अण्णांनी मला माजघरात नेलं, स्वतःच्या शेजारचा पाट दाखवला आणि म्हणाले, ‘बसा भाऊसाहेब, इथं बसा.’ मी बसलो. सुरमईची तुकडी वाढली. वहिनींनी आग्रह केला. मला खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. बाबा असते तर, असं मनात आलं.

ताक पिताना अण्णा म्हणाले, ‘पाऊस तोंडावर आलाय. शिपाई तरी किती खाली उतरणार? नोटीस काय, पोचली तर पोचली.’ आणि हसले. वर, ‘सहा महिने सभेला नाय आला तर जागा आपोआप रिकामी होते म्हणतात, व्हय?’

मी म्हटलं, ‘हो, तसं कलम आहे.’

एवढंच. त्यांनी मला धमकी दिली नाही. बदलीची नाही, कसली नाही. लोक म्हणतात ना, दबाव होता, पोटापाण्याचा प्रश्न होता? माझ्यावर नव्हता. मला कळलं नाही म्हणावं, तर मी काय दूधपितं बाळ होतो? पाटावरून उठलो तेव्हा मी काय करणार ते मला ठाऊक होतं.

जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याला सभा झाली. दर वेळी मी सूचना वहीत सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि तांब्यांच्या नावापुढे माझ्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं — ‘सभासद घरी नाहीत. नोटीस राहत्या घराच्या दारास डकवली.’ खाली साक्षीदार म्हणून शिपाई सही करायचा, तो अण्णांचाच माणूस.

एकदाही डकवली नाही. एकदाही मी ती नोटीस घेऊन पऱ्या उतरलो नाही. सहाच्या सहा नोंदी पंचायतीच्या खोलीत, टेबलाशी बसून केल्या. सारख्या दिसू नयेत म्हणून चार निळ्या शाईने आणि दोन काळ्या शाईने. हे सुचायलाही डोकं लागतं बरं का.

झालं. बोललो एकदाचं. पण हलकं वगैरे काही वाटत नाहीये, कारण हे अर्धंच आहे.

तांबे कामावर असायचे, म्हणून ‘घरी नाहीत’ हे खरंच वाटायचं. वरच्या आळीतलं कोणी त्यांना सभेचं सांगणं शक्य नव्हतं. एसटीच्या थांब्यावर मला दोनदा भेटले. ‘सभा कदी हो?’ मी म्हणालो, ‘नोटीस निघाली की पोचेल.’ ते म्हणाले, ‘बरं बरं, लावणीचे दिवस, कोण येतंय म्हना.’ मी द्यायची सबब त्यांनीच मला आयती काढून दिली. ऑक्टोबरच्या सभेत दुसरा नळ अण्णांच्या बागेकडेला घालायचा ठराव झाला. मी शेवटी लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर.’ डिसेंबरात वर कळवलं, सभासद भिकाजी तांबे सहा महिने सभांना गैरहजर.

तालुक्याच्या कचेरीत तांब्यांना त्यांचं म्हणणं मांडायला बोलावलं. मी वही घेऊन गेलो. साहेबांनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं. ‘या नोंदी तुमच्याच?’ मी म्हटलं, ‘हो.’ ‘नोटिसा डकवल्या होत्या?’ मी म्हटलं, ‘हो साहेब.’ माझा आवाज कापला असेल, हात थरथरले असतील असं तुम्हाला वाटतंय का? छे! छान स्पष्ट बोललो. साहेबांनी तांब्यांना विचारलं, ‘तुमचं काय म्हणणं?’

मला वाटलं, आता हा माणूस मला सोलून काढणार. गोदीतला माणूस, विरोध नोंदवणारा. मी मनातून तयार होतो — किंबहुना वाट बघत होतो म्हणा.

तांबे म्हणाले, ‘भाऊसायबांनी लिवलंय म्हंजे डकवली असंल साहेब. आमच्याच घरात कायतरी चूक झाली.’

त्यांना माझा संशयच आला नाही. जो माणूस आपल्या सुनेच्या हातून चहाचा पेला घेतो तो आपला गळा कापेल कसा? एवढा साधा हिशोब होता त्यांचा.

परत येताना एकाच एसटीत होतो. ते पुढच्या बाकावर. उतरल्यावर म्हणाले, ‘भाऊसाहेब, जरा घरापरयंत चला. मला छडा लावायचाय.’ मी नाही कसं म्हणू? गेलो. दिवेलागण व्हायची होती. अंगणात शेणाचा सडा वाळत होता. त्यांनी शेवंतीला बाहेर बोलावलं. धाकटं पोर तिच्या कडेवर होतं.

‘दारावर कागुद लावलेला असायचा. सहा येळा. कुठं गेलं ते कागुद?’

ती सासऱ्यांना म्हणाली, ‘मी नाय बगितला मामा कदी कागुद.’

‘मंग भाऊसाहेब खोटं लिवतील?’

आणि तिने माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं वर्णन करून सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. ती खरं बोलत होती आणि ते खरं आहे हे त्या अंगणात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. एक शब्द पुरला असता. ‘नव्हता’ एवढा. नोकरी गेली असती? गेली असती, जाऊ दे ना! दुसरी मिळाली असती. मी काय केलं? चप्पल घालायला लागलो. वाकून, पट्टा नीट करत बसलो.

शेजारच्या बाया दारात आल्या होत्या. तांब्यांचा आवाज चढला. मी त्यांना कधी ओरडताना बघितलं नव्हतं.  मग शेवंती रडतरडत म्हणाली, पावसात लाकडं ओली, चूल पेटत नव्हती, दाराशी पडलेला एखादा कागद चुलीत घातला असेल तिने. आपल्याला वाचता येत नाही, कसला कागद ते कळलं नसेल. ‘असंल मामा. माज्याच हातनं झालं असंल.’

तिला आठवलं, बरं का! तिला खरोखरच आठवायला लागलं. बिचारी माझ्यासमोर उभी राहून एक कागद आठवत होती जो कधी नव्हताच.

तांबे मटकन पायरीवर बसले. म्हणाले, ‘पोरी, नळ गेला गं आपला.’

मी ‘येतो’ म्हणालो आणि पऱ्या ओलांडून वर आलो. दुसऱ्या दिवशी अण्णांनी हसत हसत ‘सुंठीवाचून खोकला गेला’ म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. मी पण हसलो.

पुढे नळ अण्णांच्या बागेकडेला लागला. वाडीतल्या बाया तिथे भरायला गेल्या तेव्हा बागेला दगडी कुंपण, गडगा, घातला गेला आणि नळ गडग्याच्या आत राहिला. मी त्या गावात आणखी दीड वर्ष काढलं. एप्रिल-मे महिन्यांत खाली पऱ्यात शेवंती वाळूत बसलेली दिसायची. बाकीच्या बाया तिला टोचून बोलत. ‘घाल अजून कागुद चुलीत!’ हे मी माझ्या कानाने ऐकलंय, वरच्या पायवाटेवरून जाताना. तीही ऐकून घ्यायची. आपण वाडीचं पाणी घालवलं असं ती मानून चालली होती. मी पायवाटेवरून पुढे निघून जायचो. कधी रुमालाने घाम पुसायचो, म्हणजे तोंड झाकलं जायचं.

बदली झाली, बढती झाली, निवृत्त झालो. भिकाजी तांबे गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. माती द्यायला गेलो नाही. अण्णाही गेले. त्यांच्या बाराव्याला मात्र गेलो होतो, जेवलोसुद्धा.

मग मागच्या पावसाळ्याआधी लांज्याच्या स्टँडवर एक म्हातारी बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘भाऊसाहेब ना तुमी?’ केस पांढरे, मान एका बाजूला कललेली — वर्षानुवर्षं डोक्यावर हंडे वाहून होते तशी. मी ओळखलं नाही असं दाखवलं. ती म्हणाली, ‘मी शेवंती. तांब्यांची.’

मग सगळं सांगत बसली. आता वाडीत नळ आलाय, नातीच्या लग्नाच्या वर्षी आला. मामा जाईपर्यंत चांगलं वागले, त्या गोष्टीवरून पुन्हा कधी बोलले नाहीत. मी घड्याळ बघत होतो. गाडी लागत नव्हती. बोलता बोलता ती थांबली, पदराने तोंड पुसलं, आणि हात जोडले.

‘भाऊसाहेब, एक मनात ऱ्हायलंय. त्या कागदांचं. तुमी बिचारे पावसातनं येऊन डकवून जायचात, नि मी अडाणी. माज्यापायी तुमालासुदिक साहेबासमोर उबं ऱ्हावं लागलं. मामांचं पद गेलं. वाडीचं पानी गेलं. मला माफी करा.’

तिथे गर्दी होती, पण कोणी ऐकत नव्हतं. अण्णा नव्हते, साहेब नव्हते, नोकरी नव्हती. पेन्शनला कोणी हात लावणार नव्हतं. कसलीच भीती नव्हती मला. समोर ती हात जोडून उभी होती, आणि बाकी कोणी नव्हतं.

मी म्हणालो, ‘जाऊ दे गं शेवंती. होतं असं माणसाकडून.’

तिला रडू आलं. केवढं बरं वाटलं तिला! ‘तुमी मोठ्या मनाचे’ म्हणाली. माझी पिशवी उचलून गाडीपर्यंत आली, खिडकीपाशी जागा धरून दिली, गाडी हलेपर्यंत खाली उभी राहिली. मी खिडकीतून हात केला.

ती अजून आहे. माझ्या इथून तिचं घर एसटीने दीड तासावर आहे, दिवसाला तीन गाड्या जातात. मी गेलेलो नाही.